गाडी काढायची ठरली

मी निळी गाडी बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मी भयंकर चिडलेली आहे. माझ्यात काहीही बिघाड नाही. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक पक्के आहेत, थंडीतसुद्धा मी पहिल्या फटक्यात सुरू होते. हे सगळं मला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतंय, कारण ज्या घरासाठी मी जन्मभर चाकं झिजवली, त्याच घरानं मला न झालेला आजार माझ्या नावावर लावला. नीट ऐका. तुमच्याही घरात असं काही चालू असेल तर वेळीच ध्यानात येईल.

कारखान्यातल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथे सगळ्यांचं सारखंच असतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते काका शोरूममध्ये आले तेव्हा. त्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी विक्रेत्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "वरचे पुढचे दोन बसवलेले आहेत ना? काम चांगलं झालंय." तो बिचारा ओठ मिटून उभा राहिला आणि पुढचा सगळा व्यवहार त्यानं मानेनंच केला.

काका दातांच्या कवळ्या करायचे. गल्लीत सगळे त्यांना दातवाले काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे घेऊन ठेवायचे, काका ते गोळा करून आणायचे, घरामागच्या खोलीत कवळी तयार करायचे आणि परत पोचवायचे. माझ्या मागच्या सीटवर कायम पांढऱ्या साच्यांची खोकी असायची. ते साचे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून काका वळण इतकं अलगद घ्यायचे, की कधी वळलो ते मलाच कळायचं नाही. रस्त्यात कुणी बाई मोकळेपणानं हसताना दिसली, की कवळी ओळखून हळूच म्हणायचे, "ही माझी." काकू शेजारी बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "अहो, लोकांच्या बायकांकडे बघून हे काय बोलता? कुणी ऐकलं तर तुमचेच दात पाडेल."

काकू पडदे शिवायच्या. पडद्यांचे लांब दांडे माझ्या खिडकीतून बाहेर काढून आम्ही घरोघर जायचो. त्यांची एकुलती एक लेक माझ्यावरच गाडी शिकली. क्लच जाळला, भिंतीला मागचा दिवा फोडला, पण मी कधी ब्र काढला नाही. आता ती रेल्वे स्टेशनवर तिकीटखिडकीत बसते, आणि गाडी काकांपेक्षा चांगली चालवते. हे तिच्या आईलाही माहीत होतं, फक्त बोलून कुणी दाखवत नसे.

एका शब्दाबद्दल मात्र मला मुद्दाम सांगायचंय. मला घेतलं त्या दिवशी काका भेटेल त्याला सांगत होते, "गाडी काढली." मला कळेना, कुठून काढली? मग उमगलं, की विकत घेतली तरी तिला 'काढली' म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून काकू रोज सकाळी वरून विचारायच्या, "गाडी काढताय का?" म्हणजे बाहेर नेताय का. या शब्दावर माझा जीव जडला. तो कानावर पडला की आता निघायचं, एवढं मला पक्कं ठाऊक झालं.

आता समुद्राचं सांगते. काकूंनी एकदा एका गिऱ्हाइकाच्या समुद्रकाठच्या घरासाठी पडदे शिवले होते. त्या बाईंनी त्यांना तिथल्या रस्त्याचं वर्णन करून सांगितलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, आणि दर वळणावर पाण्याचा रंग निराळा. काकू परत येताना माझ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "त्या रस्त्यावर आपण जायचं. आणि मी म्हणेन तिथे तुम्ही गाडी थांबवायची. का थांबायचं ते विचारायचं नाही."

"नाही विचारणार," काका म्हणाले.

"आणि उशीर होतोय असंही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. हातातलं काम आटोपलं की जाऊ."

काम कसलं आटोपतंय. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत. पण दर उन्हाळ्यात हे बोलणं माझ्यात बसूनच व्हायचं, आणि दर वेळी त्यात मी असायचे. ती दोघं ज्या प्रवासाचं बोलत, त्यात तिसरी मी होते, हे लक्षात ठेवा.

शेवटी काकांनी काम बंद केलं. बरेचसे डॉक्टर आता यंत्रावर दात करून घेऊ लागले होते. "बरं झालं, आता हिंडायला मोकळे," काका म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी मला पुसूनबिसून लखलखीत केलं. मला वाटलं, आलाच समुद्र.

पण त्याच सुमाराला मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं होतं. फाटकातून आत येताना माझं डावं दार खांबाला घासलं. काका खाली उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खांब कुणी हलवला?" खांब सिमेंटचा, तो कोण हलवणार? समोरचं त्यांना अजूनही लख्ख दिसायचं. दाढेतली केसाएवढी चीर ते सहज दाखवायचे. कडेनं येणारं मात्र त्यांना अंगावर येईपर्यंत दिसत नव्हतं.

काकूंनी हे माझ्याइतकंच लवकर ओळखलं. त्या एका हातानं माझ्या दाराची मूठ घट्ट धरायच्या आणि गप्पा मारल्यासारखं बोलायच्या. "तो डावीकडचा सायकलवाला बघा, काय छान शर्ट घातलाय." "अगंबाई, ही रस्ता ओलांडणारी बाई आपल्या गिऱ्हाइकासारखी दिसते की." काका ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "हल्ली तू फार बडबडतेस." काकू हसायच्या. त्यांच्या हाताला सुटलेला घाम माझ्या मुठीला लागायचा, त्यामुळे ते हसणं कसलं होतं ते मला माहीत आहे.

मग काका एक दिवस एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. घरी सांगितलं, कामातल्या जुन्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांना भेटून येतो. बाहेर आले, माझ्यात बसले, पण किल्ली लावली नाही. खिशातून थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकली आणि डोळ्यांत दोन थेंब घातले. "काचबिंदू," ते मला म्हणाले. "गेलेलं परत येत नाही म्हणतात. गाडी चालवू नका म्हणतात." मग बाटली माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवली, स्टिअरिंगवर थाप मारली आणि म्हणाले, "घरी बोलायचं नाही हं." जणू मी बोलणार होते. पण खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. बायकोला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही, मला सांगितलं.

उन्हाळा आला आणि समुद्राचा विषय पुन्हा निघाला. या वेळी लेकही येणार होती. रविवारी बाजारातून येताना बोलणं सुरू झालं.

"बाबा, आपण ट्रेननं जाऊ," लेक म्हणाली. "तिथे उतरलं की स्टेशनबाहेरच भाड्यानं गाडी मिळते. एवढं लांबचं अंतर हिला झेपायचं नाही."

"हिला झेपायचं नाही का मला?" काकांनी विचारलं.

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. काकू घाईनं म्हणाल्या, "मी तर म्हणते, भाड्याची गाडीसुद्धा कशाला? बस जाते की त्या रस्त्यानं. बसमधून समुद्र दिसत नाही का?"

"बस तू म्हणशील तिथे थांबणार आहे का?" काका म्हणाले. "आपली गाडी आहे, आपल्या गाडीनं जाऊ."

"मग मी चालवते," लेक म्हणाली.

"माझ्या गाडीत मी बाजूला बसणार नाही. मला काही धाड भरलेली नाही."

विषय तिथेच बंद झाला, पण संपला नाही. कधी बस, कधी भाड्याची गाडी, कधी मी, असा पूर्ण आठवडा घोळ चालला. तिथले रस्ते अरुंद आहेत, मग छोटी गाडी बरी. सामान कुठे ठेवायचं, मग मोठी बरी. ओळखीची गाडी असली की वळणावर भीती वाटत नाही, हे काकांचं. सगळं बोलायचे, आणि जे बोलायला हवं ते सोडून बोलायचे. तिघांनाही एकच गोष्ट माहीत होती आणि तिघंही ती एकमेकांपासून लपवत होते. माझ्यात बसून.

मग एक दिवस काकू आणि लेक मला घेऊन बाहेर पडल्या. काकांना सांगितलं, कापड आणायला जातो. गेल्या गॅरेजमध्ये. तिथला मिस्त्री मला लहानपणापासून ओळखतो, माझं अंतरंग त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. त्यानं मला तपासलं आणि म्हणाला, "काकू, गाडी मस्त आहे. जा खुशाल कुठेही."

काकू खाली उतरल्याच नव्हत्या. काच खाली करून म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सांगा, गाडी लांब न्यायच्या लायकीची नाही."

मिस्त्री हात पुसत खिडकीशी आला.

"त्यांना नीट दिसत नाही हो," काकू म्हणाल्या. "मी बाजूला बसते ना, मला कळतं. त्या डोंगरातल्या रस्त्यावर... पण तुम्ही चालवू नका, असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? जन्मभर त्यांनीच मला फिरवलंय."

लेक म्हणाली, "भाड्याच्या गाडीचं बरं असतं. ज्याचं नाव लावलं, त्यानंच चालवायची, असा नियम असतो. नियमापुढे बाबांना वाईट वाटणार नाही."

मिस्त्रीनं मान डोलावली. "सांगतो ना. गाडीवर ढकलू सगळं. गाडीला काय, राग येत नाही."

गाडीला राग येत नाही. बघा, कसं सहज बोलून गेला. मला तेव्हा जागच्या जागी बंद पडावंसं वाटलं. पण तेही केलं नाही, कारण मग त्यांचं खोटंच खरं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आला. माझं बॉनेट उघडून, चेहरा पाडून, काकांना काय काय सांगितलं. गिअरबॉक्सचा भरवसा नाही, घाटात कधीही दगा देईल. दगा हा शब्द वापरला त्यानं, आणि तोही माझ्याबद्दल. गल्लीतले दोघं-तिघं तिथे उभे होते, तेही माना हलवायला लागले.

सगळे गेल्यावर काका एकटे खाली आले. मला सुरू केलं, बॉनेट उघडं ठेवलं आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. कवळी घासताना जसे कान देऊन उभे राहायचे, तसेच. मग मला चालवत गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि आणलं, सगळे गिअर टाकून पाहिले. बॉनेट लावलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला काही झालेलं नाही."

मला हायसं वाटलं. म्हटलं, आता वर जातील आणि एकेकाला फैलावर घेतील. माझी बाजू घेणारं घरात एक तरी माणूस आहे.

तेवढ्यात काकू आणि लेक जिन्यातून खाली आल्या. "काय हो, काय वाटतंय?" काकूंनी विचारलं. काकांचा हात अजून माझ्यावरच होता. ते म्हणाले, "मिस्त्रीचं बरोबर आहे. म्हातारी झाली ही. आवाज बदललाय हिचा."

तो हात माझ्यावर ठेवूनच म्हणाले. मिस्त्री खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं. तो का खोटं बोलतोय, हेही कळलं असणार. काकूंच्या खोट्याचं मला तितकं लागलं नाही, भीतीपोटी माणूस काहीही बोलतं. पण काकांनी ते खोटं आयतं उचललं आणि स्वतःच्या अब्रूवर पांघरूण म्हणून घातलं. मी त्यांचं गुपित पोटात ठेवलं होतं हो. त्याची ही परतफेड.

लगेच सगळ्यांचे चेहरे खुलले. लेक माझ्याच बॉनेटवर टेकून मोबाईलमध्ये गाड्या बघायला लागली. पांढरी बघू का करडी? छोटी बघू का मोठी? "बाबा, चालवणारा म्हणून एकाचंच नाव लावूया का? दुसऱ्याचंही लावलं की जास्त पैसे घेतात."

"एकाचंच लाव, तुझंच," काका म्हणाले. "उगाच कशाला खर्च?" इतक्या झटकन म्हणाले, की त्यांच्या मनावरचं ओझं उतरल्याचा आवाज मला ऐकू आला.

ती तिघं गेली. मी फाटकाशी उभी. काचांवर धूळ साचली, शेजारची मांजर टपावर येऊन झोपायची. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ती निदान रोज यायची.

परत आल्यावर काका एक दिवस सकाळीच खाली येऊन माझ्यात बसले. किल्ली आणलीच नव्हती. थोड्या वेळानं काकू आल्या आणि शेजारी बसल्या.

"गाडी छान होती नाही ती?" काका म्हणाले. "आवाजच नव्हता."

माझ्यात बसून बोलले. मी काय म्हणणार?

"छान होती," काकू म्हणाल्या.

"तू एकदाही थांब म्हणाली नाहीस."

काकूंनी मांडीवरचा पदर सारखा केला. "गाडी वेळेत परत द्यायची होती ना. आणि लेक चालवत होती. तिला सारखं काय थांब थांब म्हणायचं? तुम्ही चालवत असतात तर म्हटलं असतं."

काका दार उघडून उतरता उतरता म्हणाले, "आता गाडी काढायची म्हणतोय मी."

माझा जीव हरखला. म्हटलं, आली अक्कल. दोघंच निघतील आता, समुद्र नाही तर नाही, बाजारापर्यंत तरी. दुसऱ्या दिवशी लेकीनं मला धुतलं, सीट झटकल्या, फोटो काढले. मी अगदी नवरीसारखी नटून उभी राहिले. गल्लीतला एक जण विचारत आला, "काका, गाडी काढताय म्हणे. केवढ्याला?" तेव्हा कुठे मला त्या शब्दाचा तिसरा अर्थ कळला.

पण घेणार कोण? मिस्त्रीचं बोलणं गल्लीभर झालेलं. येणारा प्रत्येक जण माझ्याभोवती फिरायचा आणि गिअरबॉक्सचं कुणीतरी सांगितल्यावर निघून जायचा. "कुणीच नाही घेतली तर भंगारात देऊ," लेक एकदा म्हणाली. काका जवळच उभे होते, तेही ऐकून घेतलं त्यांनी. न झालेल्या आजारानं मरायची वेळ आली माझ्यावर.

शेवटी गाडी शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला चालवून पाहिलं आणि खूश झाल्या. "इंजिन तर झकास आहे. मग का काढताय?"

लेक म्हणाली, "लांबच्या प्रवासाला जरा..."

"मला लांब जायचंच नाही. पण बिघाड काय आहे तो नीट सांगा. माझी शिकाऊ मंडळी बसणार हिच्यात, भर चौकात बंद पडली तर?"

लेकीनं आईकडे पाहिलं, आईनं जमिनीकडे. बाईंनी किल्ली काढून टपावर ठेवली. "माफ करा, मग मला नको," म्हणाल्या आणि निघाल्या. त्या फाटकापाशी पोचल्या.

"थांबा," काका म्हणाले. "हिच्यात काही बिघाड नाही. मला काचबिंदू आहे. कडेचं दिसत नाही मला. म्हणून काढतोय. हिचं नाव उगाच खराब केलं आम्ही."

काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुलाही माहीत होतं की."

लेक माझ्या दाराला धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, एवढंच आधी सांगितलं असतंत तर आपण हिलाच घेऊन गेलो असतो. मी चालवली असती. तुम्ही बाजूला बसला असतात आणि आई म्हणेल तिथे मला थांबायला सांगितलं असतंत."

बाईंनी किल्ली उचलली आणि मला घेऊन निघाल्या. आरशात तिघं फाटकाशी उभी होती, एकमेकांपासून लांब लांब.

आता मी दिवसभर शिकाऊ लोकांना घेऊन त्याच चार रस्त्यांवर फिरते. क्लच जाळतात, दिवे फोडतात, पण माझ्याबद्दल खोटं कुणी बोलत नाही. बाई सगळ्यांना सांगतात, "हिच्यावर बिनधास्त शिका, गाडी एक नंबर आहे." ऐकायला बरं वाटतं. तरी माझा राग गेलेला नाही, आणि काकांनी शेवटी खरं सांगितलं म्हणून तो जाणारही नाही. ते खरं त्यांनी मला विकताना सांगितलं. मला समुद्राला न्यायच्या वेळी सांगायला हवं होतं.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती आहे. घरच्या माणसाला काही सांगायची भीती वाटत असेल तर गप्प बसा, रडा, भांडा. पण ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलू नका. त्याला राग येतो. आणि कधीकधी तो तुमच्याबरोबर समुद्राला यायला तयार होऊन बसलेला असतो.